बंद झालेल्या सुट्या भागाला पर्याय शोधताना

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला तंत्रशिक्षणाच्या महत्त्वावर बोलावयास सांगितले होते. त्या विषयावर बोलण्याचा अधिकार येथे बसलेल्या प्राध्यापकांचा आहे. मी कारखान्यात बसून डाग देणारा माणूस. मला जे ठाऊक आहे तेवढेच मी सांगणार आहे, आणि ती गोष्ट एका लहानशा भागाची आहे. लांबी एक इंच, रुंदी एक इंच. तो बनविणे त्याच्या कंपनीने बंद केले, आणि त्याच्या जागी दुसरे काय बसवावयाचे हे शोधताना माझी काही वर्षे गेली व थोडी अब्रूही गेली.

पालकांपैकी कित्येकांना वाटेल, की हा विषय आपल्या कामाचा नाही. पण आपल्या घरी मिक्सर आहे. त्याच्या तळाचा कपलर झिजतो, आपण दुकानात जाता, आणि दुकानदार म्हणतो, "हे मॉडेल कंपनीनं बंद केलं." मग आपण काय करता? मिक्सर भंगारात देता, की गावभर फिरून जुळता कपलर शोधता, की दुसऱ्या मॉडेलचा घासूनपुसून बसविता? माझा प्रश्न याच जातीचा होता. फरक इतकाच, की माझ्या भागावर दुसऱ्यांचा माल अवलंबून होता.

तो माल म्हणजे बेदाणा. तासगाव, सांगली, मिरज हा बेदाण्याचा पट्टा आपणांस ठाऊक आहेच. उन्हाळ्याच्या तोंडाला द्राक्षे उतरतात, शेडमधल्या जाळ्यांवर सुकतात, आणि मग बेदाण्याचे बॉक्स शीतगृहात जातात. भाव येईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे, ते तेथेच राहतात. आत साधारण ४ ते ५ अंश तापमान राखावे लागते. ते वाढले, की हिरवट-पिवळा दाणा हळूहळू तपकिरी पडू लागतो. खावयास तो वाईट नसतो, पण बाजारात भाव रंगावर ठरतो. शेतकऱ्याने आपली वर्षाची कमाई त्या खोलीत आणून ठेवलेली असते, आणि पुष्कळ वेळा तिच्यावर कर्जही उचललेले असते.

माझा लहानसा कारखाना अशा शीतगृहांसाठी तापमानाचे नियंत्रक बनवितो. नियंत्रकाच्या पोटात ८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर आहे. त्याची मूळ रचना इंटेलने १९८० साली बाजारात आणली, म्हणजे आज तो आपल्यापैकी पुष्कळ पालकांपेक्षाही वयाने मोठा आहे. मोठा इमानी प्राणी. तापमान मोजावे, कॉम्प्रेसर चालू करावा, बंद करावा, यात तो चुकत नाही. पण बाहेरच्या जगाशी त्याची बोलचाल फारच तुटपुंजी. दोन तारांवरून एकामागून एक अक्षरे पाठविणे, एवढेच त्याला येते. याला आम्ही सीरियल पोर्ट म्हणतो.

मालकाला मात्र तापमानाचा आकडा यंत्रघरात जाऊन पाहावयाचा नसतो; तो आपल्या टेबलावर हवा असतो. म्हणून २००४ सालापासून आम्ही नियंत्रकात तो इंचभराचा भाग बसवू लागलो. त्याच्या एका अंगाला सीरियलच्या तारा येत, दुसऱ्या अंगाने इथरनेटची केबल बाहेर पडे. आत थोडी स्मृती होती आणि तिच्यात आपणच लिहून ठेवलेले एक पान. नियंत्रकाने ४.२ म्हटले, की पानातल्या ठरलेल्या जागी ४.२ जाऊन बसे. ऑफिसातल्या संगणकावर ब्राउझर उघडून त्या भागाचा पत्ता टाकला, की पान समोर हजर. मालकाला वेगळा प्रोग्राम विकत घ्यावा लागत नसे, आम्हांला तो लिहावा लागत नसे. मागेल त्याला पान वाढून देणारा म्हणून तो वेब सर्व्हर, आणि दुसऱ्या यंत्राच्या पोटात बसविलेला म्हणून एम्बेडेड.

विद्यार्थ्यांना येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. या साध्या सर्व्हरांचे बोलणे अगदी उघड्या अक्षरांत चालते. आपल्या प्रयोगशाळेत असा एखादा भाग असेल, तर ब्राउझर बाजूला ठेवा. टेलनेटने त्याच्या ८० क्रमांकाच्या पोर्टशी जोडून घ्या, रोमन लिपीत 'गेट', मग एक तिरकी रेघ, मग 'एचटीटीपी/१.०' एवढे टंकित करा आणि दोनदा एंटर दाबा. पान समोर येऊन पडेल. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केले, त्याला पुढे मी जे सांगणार आहे ते समजण्यास जड जाणार नाही.

काही वर्षांनी वितरकाचे पत्र आले. सदर भागाचे उत्पादन थांबत आहे, अमुक तारखेपर्यंत शेवटची मागणी नोंदवावी. त्या कंपनीचे नाव मी घेत नाही, आणि तिला दोषही देत नाही. तिने आगाऊ कळविले होते. असे भाग का बंद होतात, याची कारणे बहुधा साधी असतात. भागाच्या आत दुसऱ्या कोणाच्या तरी चिप असतात आणि त्यांपैकी एक बंद झाली, की वरचा भाग आपोआप बंद होतो. कधी कायदा बदलतो. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिसे व आणखी काही घातक द्रव्यांवर निर्बंध घातले, तेव्हा शिशाच्या डाकाने जोडलेले कित्येक जुने भाग नव्याने बनविण्यापेक्षा कंपन्यांनी ते बंद करणेच पसंत केले. आणि कधी तर कारण एवढेच असते, की माझ्यासारखी लहान गिऱ्हाइके वर्षाला पाच-दहा नग घेतात. तेवढ्यासाठी कोणी कारखाना चालवीत नाही.

मी तेव्हा काय केले? जे बहुतेक जण करतात तेच. २० नग जास्त मागवून कपाटात ठेवले, आणि प्रश्न सुटला असे समजून स्वस्थ बसलो. वळवाच्या पावसात आमच्याकडे विजा फार. शेतातून ओढलेल्या लांब केबलवर वीज उतरली, की पहिला बळी इथरनेटच्या भागाचा जातो. कपाट वर्षागणिक रिकामे होत गेले. शेवटचा नग बसविला तेव्हा मी मुंबईच्या बाजारात शोधाशोध केली, आणि एका दुकानात चार नग मिळाले. भाव तिप्पट. घरी आणून कापसाच्या बोळ्याला ॲसिटोन लावून एकावरून फिरविला, तर चिपवरची अक्षरे कापसावर आली. जुन्या चिप काढून, घासून, वर नवे नाव छापलेले. चारांपैकी दोन चाललेच नाहीत. राहिलेले दोन लोकांच्या कमाईवर पहारा करावयास ठेवण्याचा मला धीर झाला नाही.

मग खरा शोध सुरू झाला, आणि त्यात मी दोनदा आपटलो.

पहिल्या वेळी मोह पडला तो स्वस्ताईचा. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही चिप २०१४ साली बाजारात आली. तिच्यात वायफाय आहे, तिच्यावर छोटा वेब सर्व्हर सहज चालतो, आणि किंमत आमच्या जुन्या भागाच्या मानाने नगण्य. दोन वर्षांनी तिची मोठी बहीण ईएसपी ३२ आली. विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी हीच घ्यावी, असे मी आजही सांगेन. पण शीतगृहाची खोली म्हणजे दोन्ही अंगांना पत्रा आणि मध्ये फेस भरलेल्या जाड तक्त्यांचा डबा. पत्र्यातून रेडिओलहरी जात नाहीत, हे मी शाळेत शिकलो होतो. तरीही सहा वायफायचे नग घेऊन गेलो, आणि यंत्रघराचे दार लोटले की आकडा नाहीसा होतो हे पाहून परत आलो.

दुसऱ्या वेळी मी उलट टोकाला गेलो. रास्पबेरी पाय हा २०१२ साली इंग्लंडात निघालेला हाताच्या तळव्याएवढा संपूर्ण संगणक. त्यावर लिनक्स चालते, त्यामुळे वेब सर्व्हर कोणताही बसवा. मी उत्साहाने नवे पान तयार केले. रंगीत तबकडी, दिवसभराच्या तापमानाचा आलेख, सारे काही. तासगावच्या बाजूच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे जुना भाग काढून तो जोडून दिला, चहा घेतला आणि घरी आलो.

आठव्या दिवशी पहाटे फोन आला. रात्री कॉम्प्रेसर बंद पडला होता. यंत्रघरातला भोंगा कित्येक महिन्यांपासून वाजत नव्हता, आणि ऑफिसातली घंटाही वाजली नाही. रखवालदाराला घरघर ऐकू येईना, म्हणून तो उठला. तोपर्यंत आतले तापमान ४ वरून ७ अंशांवर गेले होते. माल वाचला, तो केवळ त्या म्हाताऱ्याच्या कानांमुळे.

मी धावत गेलो. मालकांना सारे आबा म्हणतात, मीही म्हणतो. ते मला अजून मिस्त्रीच म्हणतात.

"मिस्त्री, तुमचं नवं पान लई झ्याक दिसतंय," आबा म्हणाले, "पर आमच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरला ते दिसंना की."

"तो कॉम्प्युटर आमच्या भागाला बघतो, हे तुम्ही मला कधी सांगितलंत, आबा?"

"तुम्ही इचारलं कधी?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. झाले होते असे. आबांच्या दिवाणजींच्या मुलाने पूर्वी कधीतरी एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता. तो दर पाच मिनिटांनी आमच्या जुन्या भागाकडून पान मागवी, त्यातला आकडा उचलून वहीत नोंदवी, आणि आकडा ६ पेक्षा मोठा असला तर घंटा वाजवी. जुन्या पानात आकडा सरळ लिहिलेला असे. माझ्या नव्या, देखण्या पानात मात्र आधी रिकामी चौकट येई, आणि मग ब्राउझर स्वतः आकडा मागवून तीत भरी. माणसाला फरक कळत नसे. त्या प्रोग्रामला मात्र रिकामी चौकटच मिळे. आणि रिकामी जागा काही ६ पेक्षा मोठी नसते. म्हणून घंटा गप्प राहिली. आठ दिवस वहीत कोरी पाने जात होती आणि कोणी पाहिले नव्हते.

जुना भाग काय काय करीत होता हे मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. मला ठाऊक होते ते त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले. वीस वर्षे एखादी वस्तू एका जागी राहिली, की तिच्याभोवती लोक आपापले व्यवहार बांधतात, आणि ते कोणत्याही पत्रकात नसतात. घरातील जुनी मोलकरीण काम सोडून जाते, तेव्हा कळते की धाकट्याला शाळेतून आणावयाचे काम आपण सांगितलेले नसताना तीच करीत होती.

त्या दिवसांत आमच्याकडे डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी शिकाऊ म्हणून येत असे. मी पुन्हा तिसरा भाग घेऊन निघण्याच्या तयारीत होतो. ती म्हणाली, "चाचा, जुन्याला कोण कोण हाका मारतं ते आधी ऐकू या का?"

तिने भंगारातून दहा मेगाबिटचा एक जुना हब शोधून काढला. आजचा स्विच ज्याचे पत्र त्यालाच देतो. जुना हब मात्र गावातल्या दवंडीसारखा प्रत्येक शब्द सगळ्या तोंडांना सांगतो. काढलेला जुना भाग आम्ही पुन्हा जागेवर बसविला, त्याच्या वाटेत हा हब घातला, हबला एक संगणक जोडला, आणि त्यावर वायरशार्क हा विनामूल्य प्रोग्राम आठ दिवस चालू ठेवला. जाणारे-येणारे प्रत्येक पत्र त्यात नोंदले जाते.

आठ दिवसांनी तिने यादी माझ्यासमोर ठेवली. आबांच्या टेबलावरचा संगणक दिसला, तो अपेक्षितच होता. दिवाणजींचा दर पाच मिनिटांनी, तो आता ठाऊक झाला होता. वीज जाऊन आली की जुना भाग कोणाला न विचारता त्याच ठरलेल्या पत्त्यावर दोन-तीन सेकंदांत उभा राहतो, हेही दिसले. माझा छोटा संगणक उभा राहावयास पाऊण मिनिट घेत असे, आणि मध्येच वीज गेली तर त्याचे मेमरी कार्ड बिघडण्याची भीती वेगळीच. पण यादीत आणखी काही पत्ते होते. ते शीतगृहातले नव्हते, तालुक्यातले नव्हते, देशातलेही नव्हते. रात्री दोन-तीनच्या सुमारास कोणी परके येऊन दाराची कडी हलवून पाहत होते.

उलगडा चौकशी केल्यावर झाला. आबांचा मुलगा पुण्यास असतो. त्याला तेथून तापमान पाहता यावे, म्हणून केबलवाल्याने राउटरमध्ये एक वाट उघडून दिली होती. त्या वाटेने मुलगा येत होता, आणि साऱ्या जगालाही यावयास मोकळीक होती. जुन्या भागाला परवलीचा शब्द नव्हता. २००४ साली आम्हांला त्याची गरज वाटली नव्हती, कारण केबल ऑफिसच्या भिंतीबाहेर जातच नव्हती. आणि त्याच पानावर तापमान बदलण्याचे बटन होते. शेकडो शेतकऱ्यांचा माल असलेल्या खोलीचे बटन!

हे शीतगृह लहान आहे, म्हणून आपण सोडून देऊ. पण अशीच गोष्ट फार मोठ्या जागी घडली आहे. बोआ नावाचा एक छोटा वेब सर्व्हर होता. हा चिप नसून नुसता प्रोग्राम. थोड्या स्मृतीत, एकाच प्रक्रियेत सर्व मागण्या हाताळणारा, म्हणून राउटर आणि कॅमेरे बनविणाऱ्यांचा आवडता. त्याचे काम २००५ साली थांबले. करणाऱ्यांनी हात काढून घेतला. पण चिपबरोबर मिळणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या गाठोड्यांत तो तसाच राहिला, आणि त्या गाठोड्यांतून नव्या उपकरणांत जात राहिला. बनविणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपल्या यंत्रात बोआ आहे, हेच ठाऊक नव्हते.

एप्रिल २०२२ मध्ये रेकॉर्डेड फ्युचर या सुरक्षा कंपनीने एक अहवाल काढला, की लडाखच्या सीमेजवळच्या उत्तर भारतातील वीजभार केंद्रांच्या जाळ्यात परकी मंडळी शिरली आहेत, आणि त्यासाठी त्यांनी इंटरनेटवर उघडी असलेली कॅमेऱ्यांसारखी उपकरणे वापरली आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या अहवालातले पत्ते तपासले, तेव्हा त्यांच्यामागच्या कित्येक उपकरणांत हाच बोआ सापडला. सतरा वर्षे ज्याला कोणी हात लावला नव्हता, असा सर्व्हर. एका आठवड्याच्या पाहणीत जगभरात इंटरनेटवर उघडे असलेले बोआचे १० लाखांहून अधिक नग त्यांना दिसले. त्यातल्या एका छिद्रातून परक्याला आतली कोणतीही फाइल वाचता येते. छिद्र सापडले, प्रसिद्धही झाले. पण बुजविणार कोण? मालकच नाही.

पालकहो, मिक्सर बंद पडला तर निदान कळते तरी. हा बंद झालेला माल चालू असतो, हीच त्याची अडचण आहे. बोआला पर्याय नव्हते असेही नाही. लायटीटीपीडी आहे, राउटरांच्या दुनियेतला यूएचटीटीपीडी आहे. पर्याय होते, शोधावयास कोणी निघाले नाही, कारण काही मोडले आहे असे कोणाला दिसले नाही.

बंद होण्याचा आणखी एक प्रकार सांगतो, तो कायद्याच्या विद्यार्थ्यांच्याही कामाचा आहे. मंगूस नावाचा छोटा सर्व्हर फार चांगला म्हणून लोक वापरीत. २०१३ साली त्याच्या परवान्याच्या अटी बदलल्या. पूर्वी तो कोणीही आपल्या मालात मुक्तपणे घालू शके. नंतर एक तर आपला प्रोग्राम उघडा करावा, नाही तर पैसे भरावेत. त्यात गैर काही नाही, ज्याची मेहनत त्याचा हक्क. पण ज्यांना दोन्ही परवडत नव्हते त्यांच्या दृष्टीने ती वस्तू बंदच झाली. त्यांतल्या काहींनी जुन्या अटींची शेवटची प्रत घेतली आणि तिचा सिव्हेटवेब या नावाने स्वतंत्र संसार मांडला. तो आजही चालू आहे. कोणतीही वस्तू घेताना तिच्याबरोबरचा परवान्याचा कागद वाचावा, हे मी त्या वेळी शिकलो.

आता आमच्या भागाचे काय झाले ते सांगतो.

प्रथम आम्ही दोघांनी बसून एक कागद लिहिला. जुना भाग काय होता, हे त्यात लिहिले नाही. तो काय काय करतो ते लिहिले, आणि यादीतला प्रत्येक मुद्दा त्या आठ दिवसांच्या नोंदीशी ताडून पाहिला. सीरियलवर कोणती अक्षरे कोणत्या क्रमाने येतात, किती वेगाने येतात, पान कोणत्या आकाराचे जाते, वीज आल्यावर किती सेकंदांत उत्तर मिळते, केबल उपटून पुन्हा लावली तर काय होते. दीड पानी कागद झाला. तो लिहावयास मला वीस वर्षे उशीर झाला होता.

मग त्या कागदावर पर्याय घासून पाहिले. लँट्रॉनिक्सचा एक्सपोर्ट म्हणून एक भाग आहे. केबलच्या खोबणीतच सगळा सर्व्हर भरलेला. मोठा सुबक, पण आमच्या खोक्यातल्या जागेत तो बसेना, आणि आमच्या नियंत्रकाचा वीजदाब ५ व्होल्ट, त्याचा ३.३. मायक्रोचिपची ईएनसी २८ जे ६० ही २८ पायांची चिप स्वस्त आहे, पण ती केवळ पत्रे पोहोचविते; पत्रे उलगडण्याचा सारा प्रोग्राम आपल्या मायक्रोकंट्रोलरला चालवावा लागतो. कोरियाच्या विझनेट कंपनीची डब्ल्यू ५५०० ही चिप ते उलगडण्याचे कामही स्वतः करते. तिच्यात ३२ किलोबाइटची जागा आहे, एका वेळी आठ जणांशी ती बोलू शकते, आणि तिच्या पायांना ५ व्होल्टही सोसतात. आम्ही हीच घेतली, आणि जोडीला एक लहान मायक्रोकंट्रोलर.

पण येथे शिकाऊ मुलीने पुन्हा अडविले. "चाचा, ही पण एकाच कंपनीची. ती बंद झाली मग?"

प्रश्न रास्त होता. २०२१ साली जगभर चिपची टंचाई झाली, तेव्हा साधे मायक्रोकंट्रोलरही महिनोन्‌महिने मिळत नव्हते, हे आम्ही भोगले होते. काही कंपन्या आता आधीच मुदत सांगतात. रास्पबेरी पायवाल्यांनी आपल्या आरपी २०४० या चिपचे उत्पादन निदान जानेवारी २०४१ पर्यंत चालू ठेवू, असे जाहीर केले आहे. असे आश्वासन मिळाले तर जरूर घ्यावे. पण सगळा भार त्याच्यावर टाकू नये.

म्हणून आम्ही अंगठ्याएवढी एक पट्टी बनविली. तिचे पाय जुन्या भागाच्या पायांशी तंतोतंत जुळतात. नियंत्रकाला कळतच नाही की समोर दुसरा कोणी आला आहे. सीरियलची भाषा जुनीच. पान साधे, आकडा सरळ लिहिलेला, दिवाणजींच्या मुलाच्या प्रोग्रामला हवा तसा. आणि डब्ल्यू ५५००शी बोलणारा मजकूर एका वेगळ्या फाइलीत ठेवला, बाकी प्रोग्राममध्ये त्या चिपचे नावदेखील येऊ दिले नाही. मग पडताळा म्हणून ती फाइल काढून तिच्या जागी एलडब्ल्यूआयपी घातले. स्वीडनच्या संगणकशास्त्र संस्थेत ॲडम डंकेल्स यांनी लहान यंत्रांसाठी लिहिलेला हा जाळ्याचा प्रोग्राम आहे. तो सर्वांना मोकळा आहे, आणि साधे इथरनेट असलेल्या कोणत्याही मायक्रोकंट्रोलरवर चालविता येतो. निराळ्या पाटीवर तो चालविला, आणि त्या दीड पानी कागदातल्या प्रत्येक कसोटीला तोही उतरला. हे काम तिने तीन आठवड्यांत केले. मला कदाचित सहा लागले असते.

तापमान बदलण्याचे बटन आम्ही पानावरून काढून टाकले. राउटरमधली वाट बंद केली. आता आतला भाग ठराविक वेळाने स्वतः बाहेर जाऊन आकडा ठेवून येतो आणि पुण्याचा मुलगा तेथून तो पाहतो. बाहेरच्याला आत येण्याची सोयच ठेवली नाही. आबांना हे पटावयास वेळ लागला. पूर्वी मुलगा पुण्याहून बटन दाबून तापमान बदलीत असे, ते आता यंत्रघरात जाऊन करावे लागते. आणि दिवाणजींच्या मुलाने आपल्या प्रोग्रामात एक ओळ घातली, की आकडा आलाच नाही तरी घंटा वाजवावी. भोंगाही दुरुस्त झाला. रखवालदारालाही, मी सांगितल्यावरून, दिवाळीला वेगळे काही मिळाले.

आमचे असे नियंत्रक तासगाव, मिरज आणि पंढरपूरच्या बाजूला मिळून ११ ठिकाणी आहेत. ८ ठिकाणचे भाग बदलून झाले. प्रत्येक ठिकाणी आधी आठ दिवस तो भंगारातला हब लावून ऐकतो, मगच हात घालतो. एका ठिकाणी पान मागणारा चौथाच कोणी निघाला. ते शेजारच्या वजनकाट्याचे यंत्र होते. ते पावतीवर तापमान छापत होते. पत्रकात नव्हते, मालकालाही ठाऊक नव्हते.

राहिलेली तीन ठिकाणे नवा बेदाणा भरावयाच्या आत, म्हणजे मार्चपूर्वी, करावयाची आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाच्या ज्या मुलामुलींना ते काम पाहावयाचे असेल, त्यांनी आपल्या प्राध्यापकांकडे नावे द्यावीत. पालकांनी परवानगीची चिठ्ठी द्यावी, आणि मुलांबरोबर एक स्वेटर द्यावा. आत ४ अंश असतात.